जुने वाडे आणि दगडी इमारती यांचे जतन व मजबुतीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाड्यांचे मालक आणि भाडेकरू, देवस्थानांचे विश्वस्त, जुन्या इमारतींतील गृहसंस्थांचे पदाधिकारी आणि गडांवर काम करणारे गट नेहमी विचारतात. उत्तरे महाराष्ट्र व गोवा येथील दगड, भाजकी वीट, जांभा, चुना, माती आणि सागवान यांत बांधलेल्या इमारतींना धरून लिहिली आहेत. मरीन ड्राइव्हवरील आर्ट डेको इमारतींसारख्या जुन्या काँक्रीटच्या बांधकामांचे दुखणे निराळे असल्याने ती येथे घेतलेली नाहीत.

दुरुस्ती आणि मजबुतीकरण यांत फरक काय?

इमारतीची मूळची आणि काळाच्या ओघात कमी झालेली ताकद दुरुस्तीने परत मिळते. भूकंपाचा आडवा धक्का सोसण्याची शक्ती मुळातच नसेल, तर ती देणे हे मजबुतीकरण. दुरुस्ती आधी आणि मजबुतीकरण नंतर, हा क्रम उलटवू नये. ओल धरलेल्या, आतून पोकळ झालेल्या भिंतीला पोलादी पट्ट्या आवळल्या, तर त्या पट्ट्यांना धरायला आत काहीच उरलेले नसते.

आमचा वाडा दीडशे वर्षे उभा आहे. म्हणजे तो मजबूतच असणार ना?

स्वतःचा भार पेलण्यापुरता तो मजबूत आहे, एवढेच या वयावरून सिद्ध होते. दगडी आणि विटांच्या भिंती वरून खाली येणारा भार अतिशय उत्तम पेलतात. खरी परीक्षा आडव्या धक्क्याची असते आणि ती अनेक इमारतींनी अजून दिलेलीच नसते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव जिल्ह्यांना बसलेल्या किल्लारीच्या भूकंपाने हे महाराष्ट्राला दाखवून दिले.

किल्लारीच्या धक्क्याची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात असे भूकंप वारंवार होतात आणि नीट बांधलेली घरे त्यांतून वाचतात. तिथे हजारो माणसे दगावण्यास घरांची बांधणी कारणीभूत ठरली. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या त्या भिंती प्रत्यक्षात दोन वेगळ्या पडद्यांच्या होत्या : बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मध्ये डबर व माती. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड, ज्याला गवंडी थ्रू म्हणतात, बहुतेक भिंतींत नव्हताच. जमीन हलताच पडदे एकमेकांपासून सुटले, फुगले आणि कोसळले. वर माळवदाचा मातीचा जाड थर होता. उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून पिढ्यान्पिढ्या तो चढत गेला होता, आणि त्याच ओझ्याखाली माणसे गाडली गेली. काही घरांत लाकडी खणांचा, म्हणजे खांब-तुळयांचा, सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती मात्र ढासळल्या. जुन्या वाड्यांच्या अभ्यासात ही बाब फार मोलाची आहे, कारण आपल्या बहुतेक वाड्यांत असा सांगाडा आहे आणि दुरुस्तीच्या नावाखाली आपण नेमका तोच काढून टाकतो.

काम कुठून सुरू करावे?

पाण्यापासून. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक इमारतींचे दुखणे वरून शिरणाऱ्या किंवा खालून चढणाऱ्या पाण्याशी येऊन थांबते. मंगलोरी कौलांपैकी चार फुटलेली असतात, पन्हळीत पालापाचोळा साचलेला असतो, कुठे पागोळ्यांचे पाणी थेट भिंतीच्या मुळाशी पडत असते. अशा वेळी लाखो रुपयांची पोलादी चौकट सुचवणारा अहवाल हातात घेऊन मालक उभे असतात. आधी छप्पर शाकारून घ्यावे, पन्हळी साफ करून त्यांना उतार द्यावा आणि पाणी जोत्यापासून दूर न्यावे. एवढे झाले की एक पावसाळा जाऊ द्यावा. भिंतींचा निम्मा तरी त्रास कमी झालेला दिसतो.

खालून चढणारी ओल अधिक चिवट असते. पुण्यातील पेठांमध्ये रस्त्यांवर डांबराचे थर चढत गेले, आणि एके काळी रस्त्यापासून तीन पायऱ्या वर असलेली जोती आज रस्त्याच्या पातळीला आली आहेत. पावसाचे पाणी त्यामुळे आत शिरते. त्यावर रूढ झालेला उपाय म्हणजे ओल दिसते तिथवर सिमेंटचा गिलावा करून टाइल लावणे. आत अडकलेले पाणी सुकायला जागा शोधत वर चढते आणि पुढच्या वर्षी टाइलच्या वरच्या कडेला लोणा फुटतो. मग टाइल आणखी दोन फूट वर जाते. भिंतीभोवती खडी भरलेला उथळ चर, वाड्याच्या आतल्या चौकातील पाण्याला मोकळी वाट आणि भिंतीवर चुन्याचा गिलावा हा उपाय स्वस्त पडतो, मात्र त्याचा परिणाम दिसायला एखादे वर्ष लागते.

चुन्याऐवजी सिमेंट वापरले तर काय बिघडते? सिमेंट तर जास्त मजबूत असते.

तेच तर बिघडते. जुन्या भिंतीत दगड किंवा वीट कठीण आणि सांधा मऊ असतो. पाया थोडा खचला, उन्हाने भिंत प्रसरण पावली, तर ती हालचाल चुन्याचा सांधा आपल्यात सामावून घेतो आणि बारीक चिरा काही प्रमाणात आपल्या आपण भरतोही, कारण चिरेतून झिरपणारे पाणी चुना विरघळवून पुढे नेते व तिथे तो पुन्हा घट्ट होतो. सिमेंटचा सांधा अशी सवलत देत नाही. मग हालचाल दगडात उतरते आणि सांध्याऐवजी दगडाची कड फुटते. भाजक्या विटांचे तर विचारूच नये : दरजांमध्ये, म्हणजे सांध्यांत, सिमेंट शाबूत आणि वीट मात्र आतपर्यंत झिजून गेलेली, असे जाळीदार दृश्य कोणत्याही जुन्या शहरात पाहायला मिळते.

दुसरे कारण ओलीचे. चुन्याचा गिलावा वाफ बाहेर जाऊ देतो, सिमेंटचा गिलावा ती अडवतो. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर फिरतात आणि जिथे पाणी सुकते तिथे त्यांचे स्फटिक बनतात. ही जागा गिलाव्यात असेल तर गिलावा झडतो, आणि तो दहा-वीस वर्षांनी नव्याने करता येतो. सिमेंटमुळे हीच जागा गिलाव्यामागे, म्हणजे दगडात किंवा विटेत सरकली, तर मूळ बांधकामच भुगा होऊन पडते. दगड परत आणता येत नाही.

सिमेंट पूर्णपणे वर्ज्य आहे असे नाही. नव्या पायात, पाण्याच्या टाकीखाली किंवा भिंतीत घालायच्या थ्रू दगडांसारख्या मोजक्या जागी ते वापरावे लागते. दरजा, गिलावा आणि चुन्यात बांधलेल्या भिंतीची पोकळी भरणे या तीन कामांत मात्र ते नको.

आज चांगला चुना मिळतो का, आणि त्यात गूळ, हिरडा घालतात ते खरे आहे का?

मिळतो, पण तो ओळखावा लागतो. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की कळीचा चुना तयार होतो. ताजी कळी पाण्यात टाकली की हौद खदखदतो, वाफा निघतात आणि ढेकूळ फुटून त्याचे लोण्यासारखे पीठ होते. कळी जुनी असेल, हवेतील ओल आधीच शोषून बसलेली असेल, तर ती पाण्यात नुसती बसून राहते. अशी कळी परत पाठवावी. भिजवलेला चुना चाळून, वर पाण्याचा थर ठेवून मुरवतात. किमान काही आठवडे तरी तो मुरावा, आणि गिलाव्यासाठी तर जितका जास्त तितका चांगला. पोत्यात मिळणारी सफेदीची भुकटी या कामाची नव्हे.

नंतर वाळू, आणि ओलीच्या जागी सुर्खी म्हणजे विटांची पूड, यांच्यासह चुना घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या गोल चरात, मळतात. नुसते फावड्याने कालवलेले मिश्रण आणि घाणीत दगडी चाकाखाली दाबून निघालेले मिश्रण यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. थापीला चिकटून राहणारा, उलटी केली तरी न पडणारा चुना तयार झाला असे कसबी गवंडी समजतात. गूळ, बेलफळाचे पाणी, हिरडा, मेथी, उडीद यांचा वापर खरोखरच होत असे आणि आजही होतो. काहींनी मिश्रण लवचीक राहते, काहींनी पाण्याला विरोध वाढतो. पण या पदार्थांभोवती जे गूढ उभे केले जाते, त्याला फार किंमत देऊ नये. वाळू धुतलेली नसेल आणि चुना मुरलेला नसेल, तर गुळाने काहीही साधत नाही, फक्त मुंग्या येतात.

चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो आणि हे काम महिनोन्महिने चालते. म्हणून बाहेरील चुनकाम दसऱ्यानंतर हाती घ्यावे आणि कडक उन्हाळ्यापूर्वी संपवावे. ओले गोणपाट टाकून ते सावकाश सुकू द्यावे. मे महिन्यात घाईने केलेला गिलावा मृगाच्या पहिल्या सरींत धुऊन जातो आणि मग दोष चुन्याला दिला जातो.

जुन्या चुन्याचे प्रमाण कळण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत देता येतो. आम्लात चुना विरघळतो, वाळू उरते, तिचे वजन व कणांचा आकार यांवरून मूळ मिश्रण समजते. किनारपट्टीवरच्या वाळूत शिंपल्यांचे तुकडे असतात आणि तेही आम्लात विरघळतात, त्यामुळे कोकण-गोव्यातील अहवाल वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

गिलावा काढून आतला दगड उघडा ठेवला तर वास्तू अधिक ऐतिहासिक दिसेल का?

दिसेल, आणि लवकर झिजेल. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिका हे याचे ठळक उदाहरण. १६०५ साली पूर्ण झालेल्या या चर्चच्या बाहेरील गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली काढण्यात आला, कारण प्राचीन वास्तू उघड्या दगडात शोभते असे त्या काळचे मत होते. आतला जांभा हा सच्छिद्र, पावसात झिजणारा दगड आहे. गोव्यातील चर्च आणि जुनी घरे दर काही वर्षांनी चुन्याने सारवली जात ती हौसेखातर नव्हे. आता ती तांबूस भिंतच लोकांच्या मनात बॅसिलिकेचे रूप म्हणून ठसली आहे, त्यामुळे गिलावा परत करावा की नाही यावर वाद होतो. घडीव काळ्या दगडाची भिंत मुळातच उघडी ठेवण्यासाठी बांधलेली असते. डबराची, जांभ्याची किंवा मातीची भिंत तशी नसते.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत अतिधोकादायक ठरली आहे. आता ती पाडणे भाग आहे का?

नोटीस आली असेल तर राहणाऱ्यांच्या जिवाचा प्रश्न पहिला. टेकू लावणे आणि गरज असल्यास घर रिकामे करणे यांत टाळाटाळ करू नये. मात्र अहवाल कोणत्या चाचण्यांवर बेतलेला आहे हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मुंबई व परिसरातील महानगरपालिका इमारतींची सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ अशी वर्गवारी करतात. त्यांतील सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. या वर्गवारीसाठी सर्रास वापरले जाणारे रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक तपासणी आणि कोअर काढणे हे प्रकार काँक्रीटसाठी बनलेले आहेत. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर हातोडा मारून आलेला आकडा त्या एका दगडाबद्दल सांगतो, भिंतीबद्दल नाही.

अशा भिंतीसाठी वेगळी साधने आहेत. सांध्यात खाच करून चपटा जॅक घालतात आणि भिंतीवर प्रत्यक्ष किती दाब आहे ते मोजतात, लहान छिद्रातून कॅमेरा घालून आतली पोकळी पाहतात, रडारने थर तपासतात. लाकडासाठी बारीक सुई फिरवून तिला होणारा विरोध मोजणारे यंत्र मिळते. ही साधने वापरलेली नसतील, तर जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याचे दुसरे मत घ्यावे. काळा घोडा येथील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, बिडाच्या सांगाड्याची इमारत आहे. २००५ साली तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ साली ती रिकामी करण्यात आली, त्या वेळी एका अहवालाने ती पाडावी असे म्हटले आणि जतनकर्त्यांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मांडले. एकाच इमारतीबद्दल जाणकारांची मते इतकी टोकाची असू शकतात, तर एका पानाच्या ऑडिटवर वाड्याचे भवितव्य ठरू देऊ नये.

भिंतीला तडा गेला आहे. लगेच भरून घ्यावा का?

आधी तो चालू आहे की थांबलेला हे पाहावे. तड्यावर आडवी काचपट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवून शेजारी तारीख लिहितात. काच फुटली, तर हालचाल सुरू आहे. मिलिमीटरच्या खुणा असलेले तडामापक स्वस्तात मिळतात आणि ते अधिक चांगले. निरीक्षण किमान वर्षभर चालावे, कारण काळ्या चिकण जमिनीवरील घरांचे तडे उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात जमीन फुगली की मिटतात. मे महिन्यात असा तडा सिमेंटने गच्च भरला, तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागाच राहत नाही आणि ती दुसरीकडे फाटते. शेजारी तळघराचे खोदकाम सुरू झाल्यावर तडा आला असेल, तर मात्र वाट न पाहता छायाचित्रांसह महानगरपालिकेला लेखी कळवावे.

सागवानी तुळया काळ्या पडल्या आहेत. त्या बदलाव्यात का?

बहुधा नाही. काळेपणा हा धुराचा, तेलाचा आणि जुन्या वॉर्निशचा असतो. गाभ्याच्या सागवानाला वाळवी सहसा लागत नाही. तुळई बिघडते ती भिंतीत घुसलेल्या टोकाशी, कारण तिथे ओल असते आणि हवा नसते. म्हणून तुळईच्या मध्यावर टिचक्या मारत बसू नये. शिडी लावून टोकाजवळ जावे, भिंतीलगतचा गिलावा हातभर काढावा आणि टोच्याने लाकूड दाबून पाहावे. चांगले लाकूड टोच्याला अडवते आणि हातोडीखाली खणखणीत वाजते. कुजलेले लाकूड बोटभर आत जाऊ देते, आवाज बद्द येतो आणि टोच्या बाहेर काढल्यावर त्याच्या टोकाला ओलसर तपकिरी भुगा लागलेला असतो.

असे टोक निघाले तर अख्खी तुळई उतरवण्याची गरज नसते. खाली टेकू देऊन कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापतात, त्या जागी जुन्या सागवानाचा तुकडा लांब तिरकस जोडाने बसवतात आणि मध्ये स्टेनलेस स्टीलची पट्टी घालून बोल्ट आवळतात. पाडलेल्या वाड्यांचे लाकूड जुन्या बाजारात मिळते. ते पूर्ण सुकलेले असल्याने नव्या लाकडापेक्षा उत्तम. टोक पुन्हा भिंतीत बसवताना भोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे त्याला हवा लागते. खांबांचे बूड तळखड्याच्या दगडावर टेकलेले असते. नवी फरशी घालताना तळखडा तिच्याखाली गाडला जातो आणि खांबाचे लाकूड थेट ओल्या फरशीला भिडते. ही चूक इतकी सर्रास होते की वाड्यात शिरल्यावर आम्ही पहिल्यांदा तिकडेच पाहतो.

कडीपाट (लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) काढून काँक्रीटचा स्लॅब टाकला तर घर पक्के होणार नाही का?

चार इंची स्लॅब म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला अडीचशे किलो. पाऊण शतकापूर्वीच्या किंवा त्याहून जुन्या, मातीत बांधलेल्या भिंतीवर हे वजन चढवायचे आणि त्यासाठी भिंतीत खाचा पाडून तिला आणखी दुबळी करायची, असा हा व्यवहार आहे. भूकंपात वजन जितके जास्त तितका आडवा धक्का मोठा. इटलीत जुन्या दगडी घरांवर घातलेली काँक्रीटची जड छपरे १९९७ च्या उंब्रिया-मार्के आणि २०१६ च्या अमात्रीचे येथील भूकंपांत खालच्या भिंती चिरडून सगळीच्या सगळी खाली आली, आणि त्यानंतर तिथल्या जाणकारांनी ही पद्धत नाकारली.

कडीपाटाला ताकद देण्याचा हलका मार्ग आहे. कड्यांवरचा मातीचा भर उतरवावा. सहा इंची भर असेल तर तोच चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो, म्हणजे नुसता तो काढल्याने मोठे ओझे कमी होते. मग मूळ फळ्यांवर इंचभर जाडीच्या फळ्यांचा दुसरा थर तिरका ठोकावा. त्याचे वजन चौरस मीटरला वीस किलोही नसते. तिरक्या थरामुळे मजला एका अखंड पाटासारखा वागतो, आणि त्याला कडेने पोलादी पट्ट्यांनी चारही भिंतींशी जोडले की कोणतीही भिंत एकटी बाहेर झुकू शकत नाही. खालून पाहणाऱ्याला कडीपाट जसाच्या तसा दिसतो.

दगडी भिंत भूकंपाला तोंड देऊ शकेल अशी करता येते का?

बऱ्याच प्रमाणात येते. किल्लारीनंतर मराठवाड्यात उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला आणि भारतीय मानक आयएस १३९३५ मध्ये पद्धती सविस्तर दिलेल्या आहेत. भिंतीत ठरावीक अंतराने दगड हलकेच सोडवून आरपार छिद्र करतात. छिद्राची तोंडे मध्यापेक्षा रुंद ठेवतात, आत आकडे वळवलेली सळई घालतात आणि काँक्रीट भरतात. अशा रीतीने सुटलेले दोन पडदे पुन्हा एकमेकांना धरतात. छताच्या पातळीला चारही भिंतींना फिरणारा पट्टा दिला की घर एका पेटीसारखे वागू लागते.

वारसा वास्तूंमध्ये याच तत्त्वाचे सौम्य रूप वापरावे. पोकळीत पातळ चुन्याची लापशी अगदी कमी दाबाने, खालच्या छिद्रापासून वर चढत भरतात. वरच्या छिद्रातून ती डोकावली की खालचे बंद करून वर सरकतात. दाब वाढवला तर भिंत फुगते, त्यामुळे हे काम उरकायचे नसते. महिरपींच्या ओळीत बाहेरच्या बाजूला होणारी ढकल पोलादी ताणगजांनी थोपवतात. मातीत बांधलेल्या भिंतीत मात्र चुन्याची लापशी विचार केल्याशिवाय भरू नये, कारण तिच्यातले पाणी आतली माती वाहून नेऊ शकते.

कोणते लोखंड वापरावे?

उघड्या किंवा ओलसर जागी स्टेनलेस स्टीलच. गंजताना लोखंडाचे आकारमान कित्येक पटींनी वाढते आणि भोवतीचा दगड फुटतो. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये निकोलाओस बालानोस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोखंडी अडण्या, म्हणजे दगडाला दगड जखडणारे आकडे, शिशाच्या आवरणाशिवाय बसवल्या. प्राचीन ग्रीक कारागिरांनी शिसे ओतून बसवलेल्या अडण्या टिकल्या होत्या, या नव्या अडण्यांनी मात्र संगमरवर तडकवला. आता त्या काढून टायटेनियमच्या बसवण्यात येत आहेत. मुंबईच्या गॉथिक इमारतींतही कठडे, छज्जे आणि कोरीव दगड यांमागे लोखंडी अडण्या असतात. दगडाचा टवका उडाला की तो चिकटवण्याआधी मागे गंज आहे का ते पाहावे.

भिंतीत पिंपळ उगवला आहे. उपटावा का?

उपटू नये. मुळांबरोबर दगडही येतात. खोड भिंतीलगत कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावे, मूळ मेल्यावर दरजा भरताना ते काढावे आणि पोकळी चुन्याने भरावी. काही गवंडी खोडात हिंग भरतात, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये. दर पावसाळ्यानंतर गच्चीवरून एक फेरी मारून बोटभर रोपे काढली तर यातले काहीही करावे लागत नाही.

परवानगी कोणाची लागते?

इमारत कोणत्या यादीत आहे यावर ते अवलंबून आहे. केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू होतो. त्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, त्यामुळे आपले घर स्मारक नसले तरी त्या परिघात असल्यास परवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा महाराष्ट्राचा कायदा असून त्यांचे काम पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पाहते. शहरांतील यादीतील इमारतींना श्रेणी असतात. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली असून श्रेणी एकच्या इमारतीत आत-बाहेर जवळपास कोणताही बदल चालत नाही, तर त्याखालील श्रेणींत आतील बदलांना आणि नव्या वापराला अधिक मोकळीक असते. काम सुरू करून मग विचारायला जाण्याची पद्धत इथे फार महागात पडते.

आमचा गट गडावर श्रमदान करतो. ढासळलेली तटबंदी आम्ही रचावी का?

नको. भावना कितीही चांगली असली, तरी गड संरक्षित असेल तर ते बेकायदा आहे आणि नसला तरी त्याने पुरावा नष्ट होतो. पडलेला दगड ज्या जागी आणि ज्या बाजूवर पडला आहे, त्यावरून भिंत कशी व कोठून ढासळली हे अभ्यासकाला कळते. २०२५ साली महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा गडांना जागतिक वारसा यादीत स्थान मिळाल्यापासून उत्साह वाढला आहे आणि त्याबरोबर सिमेंटच्या पायऱ्या, रंगवलेले बुरूजही. गटांनी छायाचित्रांची नोंद ठेवावी, प्लास्टिक उचलावे, लेखी परवानगीने आणि देखरेखीखाली झुडपे काढावीत, पावसाळ्यात पाणी कोठे साचते याचे टिपण संचालनालयाला द्यावे. तटबंदीपेक्षा हे टिपण अधिक उपयोगी पडते. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंदिरांबाबतही हेच लागू आहे. सिन्नरच्या गोंदेश्वरासारखी मंदिरे सांध्यात चुना न भरता, दगडाला दगड बसवून उभारलेली आहेत. त्यांच्या फटींत सिमेंट आणि भिंतींवर ऑइलपेंट हे दोन्ही घातक.

वायरिंग, संडास, स्वयंपाकघर यांचे काय?

माणसे राहायची असतील तर सोयी हव्यातच. नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या भिंतीत न पुरता बाहेरून, दिसतील अशा न्याव्यात, म्हणजे गळती त्याच दिवशी कळते. न्हाणीघरे लाकडी मजल्यावर न ठेवता जोत्यावर आणावीत. वायरिंग मात्र पहिल्या दिवशी बदलावे. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला तेव्हा दगडी जोते आणि तट राहिले, वरचे लाकडी मजले गेले. आजच्या वाड्यांत कापडी आवरणाच्या वायरी आणि पोटमाळ्यावरची अडगळ हे तसेच इंधन आहे.

खर्च कोणी करायचा?

याचे समाधानकारक उत्तर अजून व्यवस्थेकडे नाही. भाडे नियंत्रणाखालच्या वाड्यात मालकाला मिळणाऱ्या भाड्यातून कौलेही बदलता येत नाहीत आणि भाडेकरूला दुसऱ्याच्या मालमत्तेवर खर्च करायचा नसतो. पुनर्विकासाचा प्रस्ताव दोघांनाही आकर्षक वाटतो. यादीतील इमारतींना विकास हक्क हस्तांतराची, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, तरतूद आहे, परंतु तिचा लाभ मोठ्या मालमत्तांना जितका होतो तितका एका चौकाच्या वाड्याला होत नाही. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे काम महानगरपालिका, वारसा जतनाचे काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तडीस नेले व त्याला २००५ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला. अशी भागीदारी सार्वजनिक वास्तूला जमते. खासगी वाड्याने टप्प्याटप्प्याने जावे : यंदा छप्पर, पुढच्या वर्षी पाणी आणि तुळयांची टोके, मग भिंती.

कारागीर आणि कंत्राटदार कसा निवडावा?

सर्वांत कमी दराच्या निविदेवर नव्हे. चुन्याच्या कामात वेळ हाच मोठा खर्च असतो, आणि कमी दर म्हणजे चुना न मुरवणे किंवा त्यात गुपचूप सिमेंट मिसळणे. भिंतीच्या कमी दिसणाऱ्या भागावर एक मीटर चौकोनाचा नमुना करून घ्यावा, तो महिनाभर पाहावा आणि नखाने खरवडून त्याचा भुगा होतो का ते तपासावे. त्याच नमुन्यावर करार करावा. कंत्राटदाराने पूर्वी केलेले काम पाहताना नव्याने झालेले दाखवतात, तेव्हा तीन-चार पावसाळे खाल्लेले काम दाखवण्याचा आग्रह धरावा. प्रत्येक टप्प्याआधी आणि नंतर छायाचित्रे, वापरलेल्या मिश्रणाचे प्रमाण आणि बदललेल्या प्रत्येक लाकडाची जागा वहीत नोंदवावी. नव्या लाकडाच्या न दिसणाऱ्या बाजूवर ते बसवल्याचे वर्ष कोरून ठेवण्याचा प्रघात चांगला आहे. वहीची एक प्रत वाड्याच्या कागदपत्रांत आणि एक घराबाहेर ठेवावी.